पहिला पाना कोणता?

(जिंतूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या खेपेला पावसाळ्याआधी गाडीचं काय काय बघून घ्यावं यावर आपण बोललो. शेवटी चिठ्ठ्यांवर जे प्रश्न आले, त्यांतले निम्मे एकाच गोष्टीचे होते: हत्यारं कोणती घ्यायची? एका पोराने तर मोबाईलच आमच्यापुढे धरला. त्यात एक निळा डबा, आत शे-सव्वाशे नग, पाने, गोट्या, पेचकस, सगळं चकाचक मांडलेलं, आणि किंमत हजाराच्या आत. "भाऊ, हा घेऊ का?" आम्ही म्हटलं, नको. का नको, हे सांगायला दोन मिनिटं पुरणार नव्हती, म्हणून आजचा वेळ त्यालाच ठेवला आहे.

आम्ही काही गॅरेजवाले नाही, हे आधी सांगितलेलं बरं. रविवारी एकमेकांच्या गाड्या उघडून बसणारे आम्ही चार-पाच जण. कुणी मास्तर, कुणाचं किराणा दुकान, एक जण शेती करतो. आज ज्या चुका सांगू, त्या बहुतेक आमच्याच आहेत. त्यातली सगळ्यात महाग पडलेली आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी चाललंय ते कळेल.

आमच्यातल्या एकाने घरी ऑइल बदललं. काम सोपं. इंजिनच्या खाली एक नट असतो, ड्रेन नट. तो काढायचा, जुनं ऑइल गाळायचं, नट लावायचा, वरून नवीन ऑइल ओतायचं. याने काय केलं, वरून वाकून खालच्या नटाला पाना लावला. आता बघा, आपण वरून बघतोय आणि नटाचं तोंड जमिनीकडे आहे. म्हणजे घड्याळाच्या काट्याची दिशा आपल्याला उलटी दिसते. सोडवतोय असं समजून हा पठ्ठ्या नट आवळत बसला. सुटेना, म्हणून पान्याच्या दांडीत दोन फुटांचा पाइप घातला. मग कुणीतरी ओरडलं, अरे उलटा फिरव. नट सुटला, ऑइल बदललं. परत बसवताना नट शेवटी जरा मऊ लागला. घट्ट होता होता अचानक हलका झाला. याला वाटलं, बसला.

दोन आठवड्यांनी हा आईला परभणीच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता, तारीख होती. बोरी मागे टाकली आणि थोड्या वेळाने इंजिनातून खळखळ यायला लागली, मग गाडी एकदम जाम. नट जागेवर नव्हता. सगळं ऑइल रस्त्यावर सांडलेलं. आईला मागून आलेल्या एसटीत बसवलं, गाडी टेम्पोत घालून परत आणली. बोर, पिस्टन, रिंगा, वर इंजिनच्या खालच्या भागाला लेथवर नवे आटे पाडून घ्यावे लागले. ऑइल बदलायच्या मजुरीत शे-दीडशे वाचवले होते, गेले साडेचार हजार. आणि मागचं चाक जाम झालं तेव्हा मागे ट्रक नव्हता, हे नशीब. तो हिशोब तर आम्ही मांडतच नाही.

आता यात हत्याराचा दोष कुठे? पाना चांगला होता, मापाचा होता. चुकला तो पाइप. इथून सुरुवात करू, कारण हत्यार म्हणजे काय हे इथे कळतं.

पाने निरखून बघा. १० चा पाना आखूड असतो, वीतभरही नसतो. १७ चा त्याहून लांब, २४ चा चांगला हातभर. हे काही शोभेसाठी नाही. नट आवळताना जोर नुसत्या हाताचा नसतो, हात गुणिले दांडीची लांबी असा तो असतो. ड्रेन नटासाठी शंभर सीसीच्या गाड्यांच्या पुस्तकात साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर असा आकडा लिहिलेला असतो. न्यूटन-मीटर या शब्दाला बिचकू नका. २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १५ किलोचं वजन टांगलं तर जेवढा पीळ बसेल, तेवढा म्हणजे ३०. पाण्याच्या भरलेल्या बादलीएवढं वजन समजा. आता त्याच पान्यात पाइप घालून दांडी ६० सेंटिमीटर केली, हात तितकाच लावला, तर पीळ ९० झाला. नट लोखंडाचा, पण तो ज्याच्यात बसतो ते इंजिनचं अंग ॲल्युमिनियमचं. त्यातले आटे ९० ला टिकत नाहीत. म्हणजे पान्याची लांबी ही मुळातच एक मर्यादा म्हणून दिलेली आहे. लहान नटाला आखूड पाना, म्हणजे माणसाने रागाच्या भरात ओढला तरी नुकसान बेतानं व्हावं. पाइप घातला की ती मर्यादा आपण काढून टाकली.

आणि तो 'मऊ' लागलेला क्षण. नट घट्ट होत होत मध्येच हलका झाला, की समजायचं आटे गेले. तिथेच थांबायचं. त्या गाडीवर गावाबाहेर जायचं नाही.

तर हत्यारं घेताना नगांची संख्या बघायची नाही. आपल्या गाडीच्या नटावर ते बरोबर बसतं का आणि त्याच्या बेताचाच जोर देतं का, एवढं बघायचं. शे-सव्वाशे नगांच्या त्या डब्यात निम्म्या गोट्या तुमच्या गाडीला कधीच लागणार नाहीत, आणि जे चार पाने लागणार आहेत ते मऊ लोखंडाचे असतात. तीनदा वापरले की तोंड पसरतं. पसरलेलं तोंड नटाचे कोपरे खातं. नट गोल झाला की मग छिन्नी-हातोडी, वेल्डिंग, आणि शिव्या.

म्हणून खरेदीच्या आधी एक काम. दुकानात जायचं नाही, गाडीजवळ जायचं. वही घ्या. सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरच्या आत कंपनीने दिलेली छोटी पिशवी असते, ती काढा. बऱ्याच जणांनी गाडी घेतल्यापासून ती उघडलेलीच नसते. सेकंडहँड गाडी असेल तर पिशवी गायब असते, चालायचंच. तिच्यात प्लग पाना, एक-दोन पाने, एक पेचकस असतो. दर्जा बेताचा, पण कोणती मापं रोज लागतात हे त्यावरून कळतं. मग गाडीभोवती एक चक्कर मारा आणि लिहा: आरशाचा नट कितीचा, हँडलवरच्या क्लच केबलचा कितीचा, बाजूचं कव्हर कशाने धरलंय, ड्रेन नट, मागच्या चाकाचा नट, ब्रेकच्या रॉडचा. सोबत गाडीचं पुस्तक असू द्या. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. आमच्या मते पहिलं हत्यार तेच आहे, आणि फुकट आहे.

ही वही केली की एक गंमत दिसेल. बहुतेक गाड्यांत तीच ती मापं येतात: ८, १०, १२, १४, १७, आणि चाकाजवळ १९ किंवा त्याच्या पुढचं एखादं. १३ जवळपास नाहीच. आणि बाजारातल्या प्रत्येक सेटमध्ये १३ असतो! असं का? पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा असतो, बोल्टच्या जाडीचा नाही. ६ मिलीमीटर जाडीच्या बोल्टला साधारण १० चं डोकं असतं. ८ मिलीमीटरच्या बोल्टला युरोपातल्या पद्धतीने १३ चं डोकं येतं, जपानी पद्धतीने १२ चं. १० मिलीमीटरच्या बोल्टला जपानी गाड्यांत १४, युरोपात १६ किंवा १७. आता आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचं घराणं जपानी. हीरो होंडाची कंपनी १९८४ ची, त्यांची सीडी १०० रस्त्यावर आली १९८५ मध्ये, आणि स्प्लेंडर १९९४ मध्ये. पुढे हीरो आणि होंडा वेगळे झाले, पण मापं तीच राहिली. उलट ज्यांच्याकडे आजोबांची चेतक असेल, त्यांनी बघावं, तिला ११ आणि १३ लागतात. कारण बजाजने सुरुवात इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर केली, ते व्हेस्पाचं घराणं. आणि जुनी बुलेट असेल तर तिची सोयरीक इंग्रजांकडची, तिला इंची पाने. मिलीमीटरचा पाना तिला 'जवळपास' बसतो, आणि 'जवळपास' बसणारा पानाच नट खातो.

पाने घ्यायचे ठरले, तर कोणत्या जातीचे? फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, तो नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना नटाला चारी बाजूंनी कवेत घेतो, सगळ्या कोपऱ्यांवर जोर वाटला जातो. घट्ट नट सोडवायचा तर रिंगच. फिक्स पाना तिथे, जिथे रिंग वरून घालता येत नाही, केबलसारख्या जागी. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री चाचा आहेत. आयुष्य त्यांचं याच कामात गेलं. आम्ही फिक्स पाना उचलला की लांबूनच म्हणायचे, "नक्को रे बेटा, पैले रिंग लगा." पुढे आम्हाला सवयच लागली. आमचं म्हणणं असं, की नवख्याने कॉम्बिनेशन पाने घ्यावेत. एका टोकाला रिंग, दुसऱ्या टोकाला फिक्स, दोन्ही एकाच मापाचे. ८, १०, १२, १४, १७ असे पाच सुटे घ्या, सेट घेऊ नका. आणि १० चे दोन घ्या. दोन कामून? क्लचच्या केबलला ॲडजस्टर एका पान्याने धरावा लागतो आणि लॉक नट दुसऱ्याने फिरवावा लागतो, आणि ते दोन्ही कित्येकदा एकाच मापाचे असतात. एकच पाना असला की माणूस दुसऱ्या हातात पक्कड घेतो, आणि पक्कड म्हणजे नटाचं मरण.

पक्कड घ्याच, पण वायर धरायला, पिन काढायला. नटाला लावायची नाही. तोंड लहान-मोठं करता येणारा स्क्रू पानाही तसाच. घरात नळाला असू द्या, गाडीपासून लांब ठेवा.

मग टी पाना. गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हातात सगळ्यात जास्त काय दिसतं, तर टी. ८ आणि १० चा टी घेतला की बाजूचे कव्हर, बॅटरीची पट्टी, लहानसहान बोल्ट भराभरा निघतात. त्याचे हात आखूड असल्यामुळे लहान बोल्ट फारसा तुटतही नाही. गोटी पान्याचा संच मात्र पहिल्या वर्षी नको. पुढे घ्यायचाच झाला तर तीन सुताचा, म्हणजे तीन अष्टमांश इंचाच्या चौकटीचा घ्या. दुकानदार अर्ध्या इंचाचा दाखवील, तो जीपला, ट्रॅक्टरला ठीक. त्याची दांडी लांब. मघाचा हिशोब आठवा.

पेचकसाबद्दल जरा थांबून बोलायला पाहिजे, कारण सगळ्यात जास्त नासधूस इथे होते. प्लसचा पेचकस, ज्याला कुणी स्टार म्हणतं कुणी फिलिप्स. फिलिप्स हे माणसाचं नाव. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे हेन्री फिलिप्स, त्यांची पेटंटं १९३६ ची, आणि मोटारीच्या कारखान्यांनी तो स्क्रू उचलून धरला. त्या स्क्रूच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर जास्त झाला की पेचकस वर उसळतो. जपान्यांनी आपली प्लसची खाच वेगळ्या प्रमाणाने केली, जेआयएस म्हणतात, तिच्या भिंती त्यामानाने सरळ. दिसायला दोन्ही सारखे. पण जपानी घराण्याच्या गाडीच्या स्क्रूमध्ये फिलिप्सचा पेचकस तळापर्यंत बसत नाही, टोकावर नाचतो, आणि दोन फेऱ्यांत खाच चाटून जाते. कित्येक जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो बघा. तसा पेचकस आपल्याकडे दुकानात सहज मिळेल असं नाही. मिळाला तर सोन्यासारखा जपा. नाही मिळाला तरी निदान माप बरोबर घ्या. प्लसच्या पेचकसाला नंबर असतो. घरातला असतो तो बहुधा २ नंबरचा. इंजिनच्या कव्हरवरचे जाड स्क्रू ३ नंबरचे, आणि ३ नंबरचा पेचकस शंभरातल्या नव्वद घरांत नसतो. २ नंबरने ३ चा स्क्रू काढायला गेलात की झालंच. स्क्रू अडकलेला असेल तर पेचकस सरळ उभा धरून वरून हातोडीने दोन-तीन ठोके द्यावेत, गंज मोकळा होतो, मग दाब देऊन फिरवावं. फिरवण्यापेक्षा दाब जास्त.

प्लग पाना गाडीबरोबर आलेला असेल तर नवीन घेऊ नका. लहान गाड्यांना बहुतेक १६ चा लागतो, जुन्या आरएक्स १०० सारख्यांना २१ चा. डीटीएस-आय लिहिलेल्या बजाजला दोन प्लग असतात, हे लक्षात ठेवा, एकच बदलून मिस्त्रीला नावं ठेवू नका. प्लग नेहमी गार इंजिनवर काढायचा. बसवताना आधी हाताने फिरवायचा, पाना लावायचाच नाही. हाताने सरळ गेला, तळाला टेकला, मग पान्याने नवीन प्लगला साधारण अर्धा फेरा. पहिल्याच फेऱ्यापासून पाना लागत असेल तर प्लग तिरका चाललाय. इथेही खाली ॲल्युमिनियमच आहे.

आता विकत घेताना काय बघायचं. आपल्या नाशिकला, सातपूरच्या एमआयडीसीत तापडिया टूल्सचा कारखाना आहे. स्वीडनच्या एका कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने १९६९ पासून ते हातहत्यारं बनवतात. पंजाबात जालंधर आणि लुधियाना ही तर हत्यारांची गावंच. आम्ही कुणाची जाहिरात करत नाही, सांगायचं एवढंच की बरी हत्यारं देशात बनतात आणि तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. पान्यावर बनवणाऱ्याचं नाव, माप आणि क्रोम व्हॅनेडियम हे शब्द ठसठशीत उमटलेले असावेत. फिक्स पान्यांसाठी भारतीय मानक आहे, आयएस २०२८. डब्यावर ते आहे का बघा. पण छाप खोटाही असू शकतो, म्हणून आमची युक्ती वेगळी आहे. जाताना खिशात दोन कोरे बोल्ट न्यायचे, एक १० च्या डोक्याचा, एक १२ च्या. दुकानात पाना त्यावर बसवून हलवायचा. किंचित हलणारच, पण खडखड वाजला, तिरका झाला, तर परत ठेवायचा. पहिल्यांदा आम्ही असं केलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "काका, सोनं घेऊलाले का पाना?" आता तो स्वतःच काउंटरवर बोल्ट ठेवतो.

दोन गोष्टी लोक हत्यारात धरतच नाहीत. एक, हवेचा गेज. पेट्रोल पंपावर हवा भरणारा पोऱ्या घाईत असतो, आणि 'टाइट मार' म्हणणारे गिऱ्हाईकही आपणच. खिशात मावणारा गेज घ्या आणि सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना मोजा. एकट्याने जायचं असेल तर मागच्या चाकात हवा कमी लागते, डबलसीटला बरीच जास्त, आणि दोन्ही आकडे पुस्तकात वेगवेगळे दिलेले असतात. आपल्याकडे मागे कापसाचं गाठोडं नाहीतर खताची गोणी असते, तीही डबलसीटच समजा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, कमी हवेचा टायर तापून फुटतो तो याच दिवसांत.

दुसरी गोष्ट चेनची. गाडीवर रोजच्या रोज काय झिजत असेल तर ती. आपली काळी माती पावसाळ्यात चेनला अशी धरते की वाळल्यावर सिमेंट. एक जुना दात घासायचा ब्रश, थोडं रॉकेल, चिंध्या, आणि ९० नंबरचं गियर ऑइल किंवा चेनसाठी मिळणारा स्प्रे, एवढं पुरतं. ओ-रिंगची चेन असेल, मोठ्या गाड्यांना असते, तर तारेचा ब्रश आणि पेट्रोल लावू नका, आतली रबरं जातात. आणि एक गोष्ट आम्ही दरवेळी सांगतो, आजही सांगणार: गाडी मेन स्टँडवर घेऊन, गियर टाकून, इंजिन चालू ठेवून चेन पुसायची नाही. कधीच नाही. चिंधी दातऱ्यात ओढली जाते आणि चिंधीबरोबर बोट. चाक हाताने फिरवायचं, इंजिन बंद, चावी खिशात.

चेन ताणायची म्हटलं की मागच्या चाकाचा मोठा नट आला. इथे दोन पाने एकदम लागतात, एकाने आस धरायचा, दुसऱ्याने नट सोडायचा. म्हणून चाकाजवळची दोन्ही मापं वहीत लिहिली पाहिजेत. हीरोच्या शंभर सीसी गाड्यांत आणखी एक भानगड, चाकाच्या नटाशिवाय आत एक स्लीव्ह नट असतो. तो न सोडता ॲडजस्टर फिरवत बसलात तर चेन हलत नाही आणि ॲडजस्टरचा बोल्ट तुटतो. सोडल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवायच्या. चेनला मध्यावर बोटाने वर-खाली केलं की बऱ्याच गाड्यांत २० ते ३० मिलीमीटर हालचाल पाहिजे, नेमका आकडा पुस्तकातून घ्या. आणि चाक मागे सरकलं म्हणजे मागचा ब्रेक आपोआप ताठ होतो. तो परत सैल करून, चाक हाताने मोकळं फिरतंय का बघितल्याशिवाय गाडी खाली घ्यायची नाही. ज्या पिना काढल्या त्या सगळ्या परत गेल्या का, हे मोजायचं. आम्ही काढलेला प्रत्येक नट-बोल्ट चहाच्या ताटलीत ठेवतो. शेवटी ताटली रिकामी पाहिजे.

काम झालं की नेमगिरीपर्यंत जाऊन यायचं. दर्शनही होतं. लांब नाही, आणि रस्त्यात काही सैल झालं तर ढकलत येता येतं. परत आल्यावर ज्या नटांना हात लावला त्यांना पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. मग परभणी.

प्रश्न आला आहे, टॉर्क रेंच घ्यावा का? ज्या पान्यावर जोराचा आकडा लावता येतो आणि तेवढा झाला की कट् आवाज येतो, तो. चांगला महाग असतो आणि स्वस्त घेतला तर त्याच्या आकड्यावर भरवसा नाही. आमच्या मते पहिल्या वर्षी नको, पण चार-पाच जणांनी मिळून एक घ्यायला हरकत नाही, आम्ही तसाच घेतला. बोरीच्या त्या प्रकारानंतर घेतला, हे सांगायला नको. तोवर पान्याची दांडी टोकाशी न धरता मध्यावर धरायची सवय लावा, जोर आपोआप अर्धा होतो.

दुसरा प्रश्न, नवीन गाडी आहे, बीएस-६, हिला घरी हात लावावा का? १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या गाड्या बीएस-६ आहेत, त्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. चेन, हवा, केबल, ब्रेकचा रॉड, ऑइल, प्लग, हे सगळं जुन्यासारखंच आहे, ते करा. पण पूर्वी स्क्रू फिरवून रेस कमी-जास्त करायचो, तसं आता शोधू नका, आणि सेन्सरचे सॉकेट उगीच काढून-घालून बघू नका. इंजिनाचा दिवा लागला तर ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडे जा. बॅटरीवर मात्र लक्ष ठेवा, कारण या गाड्यांना वीज नसली की किक मारूनही पुष्कळदा चालू होत नाहीत. एक साधा मल्टीमीटर घेतलात तर बरं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसलं तर ठीक, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. चालू असतानाही बारा-साडेबाराच दिसत असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, चार्जिंगच होत नाही. एवढं सांगता आलं तरी मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो आणि तुमची एक बॅटरी. डिस्क ब्रेकचं ऑइल, पुढचे शॉकअप, एबीएस, याला आम्हीही हात लावत नाही.

घरच्यांचा एक प्रश्न होता, जुन्या ऑइलचं काय करायचं? नालीत नाही, विहिरीजवळ तर अजिबात नाही. डब्यात भरून गॅरेजवर द्या, त्यांच्याकडे ते घेणारा येतो. तेच ऑइल चेनला लावणारे खूप आहेत. त्यात इंजिनातला बारीक कीस असतो, चेन घासली जाते. आणि हात साबणाने धुवा, ते कातडीला चांगलं नाही.

एवढं सगळं मिळून खर्च किती? सहा पाने, दोन टी, २ आणि ३ नंबरचे प्लस आणि एक मायनस पेचकस, एक पक्कड, हवेचा गेज, नरसाळं, ऑइल मोजायचं भांडं. दीड-दोन हजारांत बसायला हवं. चाकाच्या मापाचे दोन पाने पुढच्या महिन्यात घ्या, नाहीतर शेजाऱ्याचे आणा. पण आणले तर त्याच दिवशी पुसून परत द्या. आमच्याकडे एक १९ चा रिंग पाना तीन वर्षं गल्लीत फिरतोय, आज तो नेमका कुणाकडे आहे ते सांगता येत नाही. सभेत कुणाकडे असेल तर जाताना टेबलावर ठेवा.

बाहेर एक स्प्लेंडर मेन स्टँडवर उभी आहे. ज्यांना स्वतःच्या हाताने मापं घेऊन बघायची आहेत त्यांनी वही-पेन घेऊन या, चार-चार जणच, गर्दी करू नका. ड्रेन नट खाली बसून बघा, वरून नाही.